आधी छप्पर, मग भिंती

कपडे वाळत घालायला गच्चीवर बांधलेली नायलॉनची दोरी तुम्ही कधी नीट पाहिली आहे का? नवी असताना ती गुळगुळीत आणि चिवट असते. दोन उन्हाळे गेले की तिच्यावरून हात फिरवताना बोटांना पांढरट भुकटी लागते आणि एके दिवशी ओल्या चादरीच्या वजनाने ती मधेच तुटते. त्याच गुंडाळीतला उरलेला तुकडा माळ्यावरच्या डब्यात असेल तर काढून ओढून पाहा. तो अजून हाताने तुटणार नाही. गच्चीवरच्या दोरीने काही जगावेगळे ओझे वाहिलेले नसते. ती फक्त उन्हात राहिलेली असते.

आता असे समजा की त्या दोरीच्याच जातीच्या धाग्यांचे कापड विणले, ते एका सांगाड्यावर ताणून बसवले आणि त्याच्या आधाराने माणूस आकाशात गेला. ही कल्पना नव्हे. कापडाने मढवलेली विमाने पहिल्यापासून आहेत आणि आजही उडतात. १९३१ साली प्रथम उडालेले इंग्लंडचे टायगर मॉथ लाकूड, धातू आणि कापड यांचे होते. भारतासह कितीतरी देशांतील वैमानिकांनी त्यावर पहिले धडे गिरवले. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईला टपाल आणले ते पुस मॉथ विमान पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड चढवलेले होते. आपल्या कोल्हापूर भागातले डॉ. विष्णु माधव घाटगे बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये मुख्य अभिकल्पक होते. तेथे घडलेले ‘पुष्पक’ सप्टेंबर १९५८ मध्ये प्रथम उडाले. दोन आसनांचे, ९० अश्वशक्तीचे हे विमान पुढे देशभरच्या फ्लाइंग क्लबांत शिकवण्यासाठी वापरले गेले. त्याचे अंगही कापडाचेच. अमेरिकेत पायपर कब नावाचे पिवळे विमान १९३८ ते १९४७ या काळात वीस हजारांच्या जवळपास तयार झाले आणि त्यांतली पुष्कळ आजही हौसेने उडवली जातात. हल्लीच्या मायक्रोलाइट विमानांपैकी अनेकांचे पंख शिडाच्या कापडाचे असतात.

अशी विमाने बऱ्याच ठिकाणी उघड्यावर उभी राहतात, कारण हँगर म्हणजे विमानघर महाग. या उघड्यावर उभ्या राहणाऱ्या विमानांविषयी माझे एक मत आहे आणि ते तुमच्यापुढे मांडायचे आहे. आपण विमानाला पावसापासून जपतो, पण उन्हापासून जपत नाही. हे उलटे आहे. ज्यांच्याजवळ पैसे थोडे आहेत त्यांनी भिंतींचा, दारांचा, कुलपांचा विचार मागे ठेवावा आणि विमानावर आधी नुसते छप्पर घालावे. चारी बाजू मोकळ्या असल्या तरी चालेल.

हे मत नुसते मत राहू नये म्हणून कापड विमानात काय काम करते ते आधी पाहू.

पंखाच्या सांगाड्यात आडव्या बरगड्या असतात. त्यांवर कापड ओढून बरगडीबरगडीला दोऱ्याने शिवतात. पूर्वी हे कापड उत्तम सुताचे किंवा तागासारख्या अळशीच्या धाग्याचे, म्हणजे लिननचे असे. त्यावर ‘डोप’ नावाचे रोगण फासतात. ते वाळताना आकसते आणि कापड तबल्याच्या पुडीसारखे ताठ होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुताची जागा पॉलिएस्टरने घेतली. पॉलिएस्टर उष्णतेने आकसते, म्हणून ते चक्क इस्त्री फिरवून ताणतात! विमान दुरुस्तीच्या शाळेत मोजून तापवलेली इस्त्री हे एक अधिकृत हत्यार आहे.

या कापडावर भार किती येतो? पायपर कबचे पूर्ण वजन सुमारे ५५३ किलो आणि पंखांचे क्षेत्रफळ सुमारे १६.६ चौरस मीटर. म्हणजे साध्या सरळ उड्डाणात प्रत्येक चौरस मीटरवर ३३ किलो. वर्तमानपत्र पूर्ण उघडून जमिनीवर पसरले तर तेवढ्या जागेवर तेरा-चौदा किलो झाले. वळणात आणि हवेच्या धक्क्यांत हा भार दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होतो. शिवाय पंखाच्या वरच्या अंगाला दाब कमी असतो, त्यामुळे तिथले कापड वर खेचले जाते. म्हणजे पंखाची वरची बाजू सर्वांत जास्त ओढ सोसते आणि दिवसभर सूर्याकडे तोंड करून असते तीही तीच. हा योगायोग फार वाईट आहे.

आता उन्हाकडे वळू. कापडाचा धागा, मग तो सुताचा असो वा पॉलिएस्टरचा, लांबच लांब रेणूंचा बनलेला असतो. रेणू म्हणजे कार्बन आणि इतर अणूंची साखळी. या साखळीतील कार्बन-कार्बन बंध तोडायला सुमारे ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. प्रकाश आपली ऊर्जा पुड्या बांधून देतो, हे आइन्स्टाइनने १९०५ साली दाखवले. एका पुडीत किती ऊर्जा आहे ते काढण्याची सोपी रीत अशी: १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागा, उत्तर इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये येते. तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी ७००, म्हणून १२४० भागिले ७०० बरोबर १.८. बंध तोडायला ही पुडी अपुरी आहे. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत ३०० नॅनोमीटरच्या आसपासचे किरण असतात (जुन्या क्रमिक पुस्तकांत यांना ‘जंबुपार’ म्हणत, तो शब्द मला अजून आवडतो). १२४० भागिले ३०० बरोबर ४.१. ही पुडी पुरेशी आहे.

यातली मेख ध्यानात घ्या. झाडावरचे कवठ पाडायला शंभर खडे मारून काही होत नाही, एक नेमका दगड बसला की ते खाली येते. तांबडा प्रकाश कितीही प्रखर असला तरी त्याची एक पुडी बंध तोडू शकत नाही. अतिनील किरण उन्हात अगदी थोडे असतात, पण त्यांतला एखादा रेणूने शोषला की साखळीची एखादी कडी सुटू शकते. मग हवेतला ऑक्सिजन त्या जागी घुसतो आणि मोडतोड पुढे चालू राहते. लांब साखळीचे तुकडे झाले की धागा ठिसूळ होतो. तुमच्या दोरीवरची पांढरी भुकटी म्हणजे हेच तुकडे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी अतिनील निर्देशांक अकराच्या वर जातो आणि जागतिक मोजपट्टीवर त्याला ‘आत्यंतिक’ म्हणतात. पावसाळ्यात ढग यातला बराच भाग अडवतात. म्हणजे आपण ज्या ऋतूला भितो त्या ऋतूत हा शत्रू अर्धवट झोपलेला असतो आणि ज्या ऋतूत आकाश निरभ्र म्हणून विमान निर्धास्तपणे बाहेर ठेवतो, त्या ऋतूत तो रोज कामावर असतो.

विमान बांधणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. त्यांनी तोडगाही छान काढला. रंग देण्यापूर्वी कापडावर ॲल्युमिनियमची बारीक पूड मिसळलेल्या लेपाचे थर देतात. ही पूड गोल कणांची नसून चपट्या चकत्यांची असते. लेप वाळताना चकत्या माशाच्या खवल्यांसारख्या एकमेकींवर पसरतात आणि प्रकाश परतवतात. थर पुरेसा आहे का हे पाहण्याची कारागिरांची युक्ती मला फार आवडते. पंखाच्या आत पेटलेला दिवा धरायचा आणि बाहेरून पाहायचे. उजेड झिरपताना दिसला तर चंदेरी थर अपुरा. पण हा थर लेपाबरोबर जुना होतो. ऊन तापते, रात्र गार होते, लेप आकसतो-प्रसरतो, ठिसूळ होतो आणि त्याला तडे जातात. तडा गेला की तेवढ्या रेषेवर खालचे कापड उघडे पडते. गडद रंगाचे विमान अधिक तापते म्हणून त्याचे हाल लवकर होतात.

कोणी म्हणेल, कापड जीर्ण झाले तर दिसेलच की! इथेच तर धोका आहे. मी एका मैदानाच्या कडेला वर्षानुवर्षे उभे असलेले एक छोटे विमान पाहिले होते. लांबून ते नव्यासारखे वाटत होते, कारण दर दसऱ्याला त्यावर रंगाचा एक हात बसत असे. रंग चकाकत होता, पण तेवढ्यावरून खालच्या कापडाबद्दल काहीही कळत नव्हते. डोळ्याला रंग दिसतो, बंध दिसत नाहीत. म्हणून विमानशास्त्रात कापडाची ताकद मोजतात. हलक्या, संथ विमानांसाठी अमेरिकेतला नियम असा आहे की एक इंच रुंदीच्या पट्टीने निदान ४६ पौंड, म्हणजे सुमारे २१ किलो भार सोसला पाहिजे. सर्वांत चांगल्या प्रतीचे सुती कापड नवे असताना ८० पौंड सोसते. अधिक भाराच्या, वेगवान विमानांना किमान मर्यादा ५६ पौंडांची. जागच्या जागी अंदाज घ्यायला स्प्रिंगचे एक छोटे उपकरण कापडावर दाबतात. मायक्रोलाइटच्या शिडाच्या कापडात सुई खुपसून ती स्प्रिंगच्या काट्याने ओढून पाहतात. ही परीक्षा कुठे घ्यायची? पंखाच्या वरच्या बाजूला, पाठीवर आणि सर्वांत गडद रंगाच्या पट्ट्यावर. पोटाखालचे सावलीतले कापड तपासून ‘ठीक आहे’ म्हणणे म्हणजे अभ्यास झालेल्या धड्यावरच परीक्षा द्यायची.

तुमच्यातले काही जण दोन-तीन वर्षांत सोळा वर्षांचे होतील. आपल्या देशात शिकाऊ वैमानिकाचा परवाना सोळाव्या वर्षापासून मिळू शकतो. ज्या विमानात तुम्ही बसाल ते गेल्या वर्षी किती तास उडाले हे त्याच्या वहीत लिहिलेले असेल. ते किती तास उन्हात उभे होते हे बहुधा लिहिलेले नसेल. कापडी विमानाच्या बाबतीत दुसरा आकडाही मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे, असे मला वाटते.

पाऊस निर्दोष आहे असे मात्र मी म्हणत नाही. ओल सुती कापडाला बुरशी आणते, लाकडी कणा कुजवते, पोलादी नळ्यांना गंज चढवते. टायगर मॉथसारखे लाकडी पंखांचे विमान कोकणात ठेवायचे असेल तर मी ओलीलाही उन्हाइतकेच घाबरेन. जे. आर. डीं.च्या टपालसेवेच्या सुरुवातीच्या काळात पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा विमानांसह सगळा मुक्काम पुण्याला येरवड्याजवळच्या मैदानावर हलत असे. पण पाण्याची एक गोष्ट चांगली आहे. ते दिसते आणि वाट दिली तर निघून जाते. म्हणून पंखाच्या आणि शेपटाच्या सर्वांत खालच्या जागी कापडाला छोटी गोल भोके ठेवतात. ती चिखलाने बुजली नाहीत ना हे पाहायला फक्त एक काडी लागते.

पाण्याच्या भीतीने लोक जे करतात ते मात्र बरेचदा घातक असते. विमानावर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळतात. दिवसा खालची हवा तापते, ओल वाफ होऊन वर चढते, रात्री ताडपत्री गार झाली की तीच ओल थेंब होऊन कापडावर पडते. म्हणजे पाऊस आत कोंडला! वाऱ्याने ताडपत्री फडफडली की अडकलेली धूळ पॉलिश कागदासारखी रंगावर घासते. झाकायचेच असेल तर हवा जाऊ देणारे, फिक्या रंगाचे आणि न फडफडणारे आवरण हवे. आणि विमानाला आवरण घालणाऱ्याने महिन्यातून दोनदा ते काढून आत पाहिले पाहिजे. उंदरांना पंखाची पोकळी फार पसंत असते आणि त्यांच्या मुतण्याने धातू गंजतो. कुंभारीण माशी वेगमापकाच्या नळीत मातीचे घर बांधते. ही गंमत नव्हे. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन रिपब्लिकमधील पुएर्तो प्लाता येथून निघालेले एक बोइंग ७५७ समुद्रात कोसळून १८९ माणसे गेली. ते आधी बरेच दिवस जमिनीवर उभे होते. वेगमापकाची एक नळी बुजली होती आणि हे काम कुंभारणीचे असावे, असा तपास करणाऱ्यांचा संशय होता. एवढ्या मोठ्या धातूच्या विमानाची ही कथा, तर आपल्या कापडी पाखराच्या नळीला टोपी घालायला विसरून कसे चालेल?

राहिला वारा. उभे विमानही विमानच असते. वारा पुरेसा आला की ते उडू पाहते. कबसारखे विमान शेपटीवर बसलेले असते, त्यामुळे त्याचे नाक वर आणि पंख तिरपे असतात. समोरून सेकंदाला १७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ६० किलोमीटर वेगाचा वारा आला असे धरा. हवेची घनता १.२, तिची निम्मी ०.६. वेगाचा वर्ग २८९. गुणाकार १७३ न्यूटन दर चौरस मीटरला. याला १६.६ चौरस मीटरने आणि अशा तिरप्या पंखाचा उचलगुणांक अंदाजे १.२ धरून त्याने गुणा. सुमारे ३,४५० न्यूटन, म्हणजे ३५० किलो वजन उचलण्याइतके बल. रिकाम्या कबचे वजन ३४५ किलोच्या आसपास असते! वळवाच्या पावसाआधी वावटळ उठते तेव्हा झोत ताशी ९० किलोमीटरचा असला, तर उचल वेगाच्या वर्गाने वाढून साडेसातशे किलोवर जाते. म्हणून दोन्ही पंख आणि शेपूट जमिनीत रोवलेल्या मजबूत कड्यांना बांधतात, चाकांना ठोकळे लावतात, सुकाणू हलू नये म्हणून अडकवून ठेवतात. पंखाच्या वर लांबीच्या दिशेने एक लाकडी पट्टी बांधली तर हवेचा सुरळीत ओघ मोडतो आणि उचल घटते. केवढे साधे आणि किती बुद्धीचे काम! मॅनिला दोर भिजल्यावर आखडतो आणि पंखाला खाली ओढतो, म्हणून नायलॉनचा दोर बरा. अर्थात तोही उन्हातलाच, तेव्हा तो वेळोवेळी बदलावा लागतो हे तुम्हाला आता सांगायला नको.

माझ्या मतावर आक्षेप येतात ते दोन. पहिला खर्चाचा. पण खर्च कशाशी ताडून पाहायचा? कापड बदलणे म्हणजे सगळे जुने कापड सोलणे, सांगाडा तपासणे, नवे चढवणे, बरगडीगणिक शिवणे आणि एकामागून एक लेप देणे. हे महिनोन्‌महिन्यांचे, कसबी हातांचे काम आहे. पत्र्याचे छप्पर एकदा घातले की ते या कामाची पाळी कितीतरी पुढे ढकलते. त्याचे खांब मात्र खोल रोवलेले आणि पत्रे घट्ट जखडलेले हवेत, नाहीतर वाऱ्यात छप्परच विमानावर येईल. फिक्या रंगाचे, उंच आणि बाजूने मोकळे छप्पर वर आलेली उष्ण हवा निघून जाऊ देते आणि ओलही कोंडत नाही. चारी बाजू बंद, पण खिडकी नसलेल्या पत्र्याच्या खोलीपेक्षा ते मला कधीही पसंत आहे.

दुसरा आक्षेप असा की आता पॉलिएस्टर आहे, ते कुजत नाही, मग काळजी कसली? बुरशीच्या बाबतीत हे खरे आहे आणि लेप शाबूत असेल तर पॉलिएस्टर सुतापेक्षा कितीतरी अधिक टिकते. पण अतिनील किरणांपुढे उघडे पॉलिएस्टर सुताइतकेच असहाय आहे. ‘न कुजणारे’ आणि ‘न झिजणारे’ या दोन शब्दांत गोंधळ करणाऱ्यांनी आपल्या छत्रीच्या कापडाकडे एकदा पाहावे.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः करून पाहा. नव्या मांजरपाटाच्या एक सेंटीमीटर रुंद आणि हातभर लांब अशा बारा पट्ट्या उभ्या धाग्याच्या दिशेने कापा. तीन गच्चीवर उन्हात ताणून बांधा. तीन त्यांच्याच शेजारी, पण वरून स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा पातळ कागद गुंडाळून. तीन खिडकीच्या काचेमागे आणि तीन कपाटात. होळीला सुरुवात करा आणि मृगाचा पाऊस येण्याआधी काढा. मग प्रत्येक पट्टीला बादली टांगून मगाने मोजून पाणी ओता, पट्टी तुटेपर्यंत. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, शिवाय बादलीचे वजन मिळवा. बादली जमिनीपासून चार बोटांवरच ठेवा आणि पाय दूर ठेवा. तीन-तीन पट्ट्यांची सरासरी काढून वहीत मांडा. ॲल्युमिनियममधली पट्टी उन्हातल्या पट्टीइतकीच तापलेली असली आणि तरी अधिक भार सोसत असली, तर दोष उष्णतेचा की किरणांचा, हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल. काचेमागच्या पट्टीचा आकडा या दोन्हींच्या मानाने कुठे बसतो, तेही लिहून ठेवा. काच अतिनील किरणांतला कोणता भाग अडवते आणि कोणता जाऊ देते, याचा विचार त्यावरूनच सुरू होतो.